अनौरस अपत्याचे पितृत्व : शास्त्र, कायदा आणि विज्ञान

मराठी माणसाचे नाव तीन पदांचे असते. पहिले पद स्वतःचे, शेवटचे घराण्याचे आणि मधले पित्याचे. शाळेचा दाखला, सातबाराचा उतारा, मतदारयादी, लग्नपत्रिका या सर्वांत ते मधले पद आपल्याला इतके सवयीचे झालेले असते की त्याच्याकडे आपले लक्षही जात नाही. ते रिकामे राहिले की मात्र सर्वांचे लक्ष तेथेच जाते. विवाहबंधनाबाहेर जन्मलेल्या अपत्यासाठी आपल्या भाषेने जे शब्द घडविले तेही या उणीवेचीच आठवण करून देणारे आहेत. ‘औरस’ हा शब्द ‘उरस्’ म्हणजे छाती या शब्दापासून झाला. आपल्या उरापासून जन्मलेला तो औरस, आणि बाकीचे सारे अनौरस. बोलीने याहून कठोर शब्द वापरले. बारा माशांचा एक तोळा. त्यात एक मासा उणा पडला की ते सोने हिणकस. त्यावरून निघालेला ‘अक्करमाशी’ हा शब्द शरणकुमार लिंबाळे यांनी १९८४ साली आपल्या आत्मकथनाचे नाव म्हणून घेतला, तेव्हा त्या शब्दाखाली किती जिवंत दुःख दडले आहे हे मराठी वाचकाला प्रथमच नीट उमगले.

अशा अपत्याचे पितृत्व कायद्याने कसे सिद्ध होते, आणि ते सिद्ध झाल्यावर त्याच्या पदरात काय पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. या विषयात नेहमी गोंधळ होतो, कारण तीन निरनिराळे प्रश्न आपण एकच समजतो. अपत्याचा जनक कोण, हा पहिला प्रश्न. कायदा कोणाला पिता मानतो, हा दुसरा. आणि पित्याने अपत्यास काय देणे लागते, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर निसर्ग देतो, दुसऱ्याचे शास्त्र किंवा विधिमंडळ देते, आणि तिसऱ्याचे समाजाची न्यायबुद्धी. ही तिन्ही उत्तरे एकाच व्यक्तीकडे बोट दाखवतीलच असे नाही.

धर्मशास्त्राची दृष्टी

हा भेद आपल्या धर्मशास्त्रकारांना पुरता ठाऊक होता. अपत्य बीजाच्या धन्याचे की क्षेत्राच्या धन्याचे, हा वाद मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात विस्ताराने आला आहे. तेथेच बारा प्रकारच्या पुत्रांची गणना आहे. घरात गुप्तपणे जन्मलेला, ज्याचा जनक कळत नाही असा ‘गूढोत्पन्न’ पुत्र, ज्याच्या पत्नीला तो झाला त्याचा मानावा. विवाहसमयी गर्भवती असलेल्या वधूचा ‘सहोढ’ पुत्र तिच्या वराचा मानावा, असे मनूने सांगितले. अविवाहित कन्येच्या ‘कानीन’ पुत्राविषयी मात्र मतभेद आहे. मनूच्या मते तो तिच्याशी पुढे विवाह करणाऱ्याचा, तर याज्ञवल्क्याच्या मते मातामहाचा. निर्णय कोणताही घ्या, त्यामागील सूत्र एकच दिसते. जनक कोण याचा शोध घेण्यापेक्षा मूल कोणत्या तरी घराचे व्हावे, ते उघड्यावर पडू नये, याकडे शास्त्रकारांचे लक्ष होते.

महाभारताच्या उद्योगपर्वात श्रीकृष्ण कर्णाला आपल्या बाजूस वळवू पाहतो तेव्हा तो नेमका हाच कायद्याचा मुद्दा मांडतो : कानीन आणि सहोढ हे मातेच्या पतीचे पुत्र होत, म्हणून तू धर्माने पांडूचा पुत्र आहेस. युक्तिवाद निर्दोष होता. फक्त तो फार उशिरा आला. कर्णाने तो स्वीकारला नाही, कारण राधा आणि अधिरथ यांनी त्याला वाढविले होते. जन्म, शास्त्र आणि संगोपन यांची तीन निरनिराळी उत्तरे एकाच माणसाच्या वाट्याला आल्याचे याहून मोठे उदाहरण आपल्या वाङ्मयात नाही. छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची कथा याच्या उलट जाते. गोत्र विचारले असता त्याने मातेचे सरळ उत्तर गुरूला जसेच्या तसे सांगितले, आणि हारिद्रुमत गौतमाने त्या सत्यावरच त्याची योग्यता ठरविली. तो मातेच्याच नावाने, जाबाल म्हणून, ओळखला गेला.

व्यवहारात मात्र शास्त्र इतके उदार राहिले नाही. कल्याणीच्या चालुक्य दरबारी विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेली मिताक्षरा ही पुढे महाराष्ट्रातील व कर्नाटकातील वारसाहक्काचा आधार झाली. तीत शूद्राच्या दासीपुत्राला पित्याच्या इच्छेने वाटा आणि पित्याच्या पश्चात औरस भावांच्या निम्मा वाटा सांगितला आहे. त्रैवर्णिकाच्या दासीपुत्राला मात्र केवळ पोटगी. ब्रिटिश अमदानीत मुंबईच्या उच्च न्यायालयाने ‘दासी’ या शब्दाचा अर्थ कायम बाळगलेली स्त्री असा घेतला आणि या वचनांवर अनेक दावे निकालात काढले. वर्णभेदाचा दोष या व्यवस्थेत उघड आहे. तथापि काही अनौरसांना तरी पित्याच्या संपत्तीत नक्त वाटा होता, हे ध्यानात ठेवावे. त्याचा संदर्भ पुढे येणार आहे.

दोनशे ऐंशी दिवसांचे गृहीतक

१८७२ च्या पुरावा अधिनियमाचे कलम ११२ हे या विषयाचे मध्यवर्ती कलम होय. वैध विवाह चालू असताना, किंवा तो संपुष्टात आल्यापासून २८० दिवसांच्या आत आणि मातेने पुनर्विवाह केलेला नसताना जन्मलेले मूल हे त्या पतीचे औरस अपत्य असल्याचा तो निर्णायक पुरावा मानावा, असे त्यात म्हटले होते. गर्भधारणेच्या संभाव्य काळी पतिपत्नींना परस्परांचा सहवास शक्यच नव्हता असे दाखविले, तरच हे गृहीतक ढळते. सहवास घडला नाही एवढे म्हणून भागत नाही. तशी संधीच नव्हती असे सिद्ध करावे लागते. १ जुलै २०२४ पासून पुरावा अधिनियमाची जागा भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली. त्याच्या कलम ११६ मध्ये हीच तरतूद जवळजवळ शब्दशः कायम आहे.

गूढोत्पन्न पुत्र घरधन्याचा, या मनूच्या नियमाशी या कलमाचे साम्य वाचकांच्या लक्षात आलेच असेल. हेतूही तोच : संशयी पतीने किंवा लोभी भाऊबंदांनी मुलाच्या जन्मावर शिंतोडे उडवू नयेत. परंतु हे छत्र विवाहित मातेच्या मुलापुरतेच आहे. जिचे लग्नच झाले नाही तिच्या मुलाला या गृहीतकाचा काडीचाही उपयोग नाही; त्याला पितृत्व पुराव्यानेच सिद्ध करावे लागते. आणि जिचा पती हयात आहे पण मुलाचा जनक दुसराच आहे, तिच्या मुलाच्या वाटेत हेच छत्र भिंत होऊन उभे राहते.

पोटगीचा मार्ग आणि घोषणेचा दावा

अनौरस अपत्याने पित्याच्या दारी जाण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिला फौजदारी न्यायाधीशापुढील पोटगीच्या अर्जाचा. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४८८, मग १९७३ च्या संहितेचे कलम १२५, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ अशी त्याची परंपरा आहे. या सर्वांत ‘औरस वा अनौरस’ असे शब्द स्पष्ट आहेत, आणि धर्म कोणताही असो, ही तरतूद सर्वांना लागू आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या अपत्याला साधनसंपन्न पित्याने पोटगी देणे भाग आहे. हिंदूंपुरते पाहता १९५६ च्या दत्तक व निर्वाह अधिनियमाच्या कलम २० नेही अनौरस अपत्याच्या पालनपोषणाचे ओझे माता आणि पिता दोघांवर ठेवले आहे.

पोटगीची कारवाई संक्षिप्त स्वरूपाची असते. न्यायाधीश पितृत्वाचा विचार करतो तो पोटगीपुरता. दिवाणी न्यायालयाला पुढे त्या प्रश्नाचा निर्णय निराळा करता येतो. कायमचा निर्णय हवा असेल तर दुसरा मार्ग धरावा लागतो. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ३४ खाली दिवाणी न्यायालयात, किंवा जेथे १९८४ च्या अधिनियमानुसार कुटुंब न्यायालय आहे तेथे त्या न्यायालयात, ‘अमुक हा माझा पिता आहे’ अशी घोषणा मागणारा दावा आणावा लागतो.

पुरावा म्हणून काय चालते? पित्याने लिहिलेली पत्रे, त्याने पाठविलेल्या मनिऑर्डरींच्या पावत्या, प्रसूतिगृहाच्या नोंदवहीतील वा शाळेच्या रजिस्टरातील नाव, दोघे एकत्र राहत असल्याची शेजाऱ्यांची साक्ष, घरच्या समारंभात मुलाला दिलेले स्थान हे सारे चालते. नात्याची माहिती असणाऱ्या मृत व्यक्तीने वाद उद्भवण्यापूर्वी केलेले विधानही ग्राह्य असते. याखेरीज एक महत्त्वाचे गृहीतक अपत्याच्या साहाय्याला येते. स्त्री-पुरुष दीर्घकाळ पतिपत्नी म्हणून एकत्र राहिले असतील तर त्यांचा विवाह झाला असावा असे न्यायालय मानू शकते. सुमारे पन्नास वर्षांच्या सहजीवनानंतर विवाहाचा पुरावा मागणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली याच तत्त्वावर परत पाठविले. मुसलमानी विधीत पित्याच्या स्वीकृतीला, म्हणजे ‘इक्रार’ला, महत्त्व आहे, तथापि विवाहाची शक्यता असेल तेथेच ती स्वीकृती औरसत्व देते. विवाह नव्हताच हे निश्चित असेल, तर तिचा उपयोग होत नाही.

रक्ताची साक्ष

या साऱ्या परिस्थितिजन्य पुराव्यात विसाव्या शतकाने नवा साक्षीदार आणला. लँडस्टायनरने १९०१ च्या सुमारास रक्तगटांचा शोध लावला, त्यावरून पुढे पितृत्वाच्या वादात रक्तपरीक्षा होऊ लागली. तिची मर्यादा मोठी होती. मुलाचा रक्तगट ‘एबी’ असेल तर ‘ओ’ गटाचा पुरुष त्याचा पिता असू शकत नाही, एवढे ती सांगू शके. परंतु ‘बी’ गटाचा अमुक पुरुषच पिता आहे असे ती कधीच सांगू शकत नसे. ती निर्दोष्याला सोडवी, पण जबाबदाराला पकडू शकत नसे.

१९८४ साली इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीज यांनी डी. एन. ए. च्या ठशांची पद्धत शोधली आणि ही स्थिती पालटली. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात लालजी सिंग यांनी अशीच पद्धत भारतात सिद्ध केली. भारतीय न्यायालयात या पुराव्याचा पहिला उपयोग केरळातील तलश्शेरी येथे झाला, तोही एका अविवाहित मातेच्या मुलाच्या पितृत्वासाठी. १९९१ साली केरळ उच्च न्यायालयाने तो पुरावा मान्य केला.

या परीक्षेचे तत्त्व सोपे आहे. माणसाच्या डी. एन. ए. मध्ये काही ठिकाणी लहानसा तुकडा पुनःपुन्हा आलेला असतो, आणि त्या पुनरावृत्तींची संख्या माणसामाणसांत निराळी असते. प्रत्येक ठिकाणी मुलाजवळ दोन नोंदी असतात; एक मातेची, दुसरी पित्याची. मातेची नोंद वगळली की उरलेली नोंद कथित पित्याजवळ असलीच पाहिजे. अनेक ठिकाणी ती नसेल तर तो जनक नव्हे. एखाद्याच ठिकाणी विसंगती आली तर ती पिढी ओलांडताना झालेला बदल असू शकतो, म्हणून केवळ तेवढ्यावरून निर्णय देत नाहीत. सर्व ठिकाणे जुळली, तर इतका मेळ निव्वळ योगायोगाने पडण्याचा संभव किती अल्प आहे याचे गणित मांडले जाते.

सत्य आणि शांतता

असा साक्षीदार हाती आल्यावर प्रत्येक वादात त्याला बोलवावे, असे सामान्य वाचकाला वाटेल. न्यायालयांना तसे वाटले नाही, आणि त्याला कारण आहे. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने दंडक घातला की रक्तपरीक्षेचा आदेश सरसकट देऊ नये. सहवास अशक्य होता असे प्रथमदर्शनी भक्कमपणे दिसले पाहिजे, आणि मुलावर अनौरसत्वाचा व मातेवर व्यभिचाराचा डाग पडण्याचा परिणाम आधी तोलला पाहिजे. पोटगी चुकविण्यासाठी परीक्षा मागणारा पती हा त्या निकालापुढे उभा होता, हे विसरू नये.

पण परीक्षा मागणारे स्वतः अपत्यच असेल तर? माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी यांच्याविरुद्ध रोहित शेखर यांनी २००८ साली दिल्ली उच्च न्यायालयात आणलेल्या दाव्यात हा प्रश्न उभा राहिला. वादीच्या जन्मकाळी त्याच्या मातेचा विवाह दुसऱ्या पुरुषाशी झालेला होता. म्हणजे गृहीतकाची भिंत समोर होतीच. तरीही आपला जनक कोण हे जाणण्याचा अपत्याचा हक्क न्यायालयाने महत्त्वाचा मानला, नमुना देण्याची टाळाटाळ चालू दिली नाही, आणि जुलै २०१२ मध्ये अहवाल उघड होऊन पितृत्व सिद्ध झाले. पुढे २०१४ साली तिवारींनी स्वतःच त्याला पुत्र म्हणून स्वीकारले.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका प्रकरणात म्हटले की विश्वसनीय अहवाल आधीच समोर असेल, तर गृहीतकाने सत्यापुढे नमते घ्यावे. या निकालाने एका पुरुषाची पोटगीतून सुटका झाली. न्यायाचा काटा मग पुन्हा दुसऱ्या बाजूस झुकला. फेब्रुवारी २०२३ मध्ये न्यायालयाने सांगितले की आईबापांच्या भांडणात मुलाच्या जन्माची चिकित्सा हत्यार म्हणून वापरता येणार नाही, कारण आपली आनुवंशिक माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क मुलालाही आहे. जानेवारी २०२५ मधील निकाल तर याहून पुढे गेला : वैध विवाहात जन्मलेल्या मुलाचे औरसत्व निश्चित असले की त्याचे पितृत्वही तेथेच निश्चित झाले, सहवास अशक्य होता हे दाखविल्याशिवाय तिसऱ्या पुरुषाच्या परीक्षेची मागणी करता येणार नाही.

या निकालांत विसंगती दिसते, पण एक सूत्र हाती लागते. परीक्षेने मुलाला पिता मिळणार आहे की त्याचा आहे तो पिता जाणार आहे, हा प्रश्न निर्णायक ठरावा. अविवाहित मातेच्या मुलाजवळ गमावण्यासारखे काहीच नसते; म्हणून त्याने मागितलेल्या परीक्षेला हात आखडता घेण्याचे कारण उरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

गोमंतकाचा निराळा मार्ग

पितृत्वाचा विचार याहून निराळ्या रीतीने करणारी एक व्यवस्था आपल्या मराठी मुलखातच आहे. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. तीत विवाहबाह्य अपत्याचा पित्याने स्वेच्छेने स्वीकार करण्याची, ‘पेरफिल्यासांव’ची, रीतसर सोय होती. जन्मनोंदीत, मृत्युपत्रात किंवा नोटरीसमोरच्या लेखात पित्याने तसे लिहून दिले, की अपत्याला पित्याचे नाव, पोषण आणि वारसा यांचा हक्क मिळे. व्यभिचारातून किंवा निषिद्ध नात्यातून झालेल्या अपत्यांना मात्र हे दार बंद होते.

पित्याने स्वीकार केला नाही तर काय? येथे ही संहिता कठोर होती. नेपोलियनच्या १८०४ च्या संहितेने पितृत्वाचा शोधच निषिद्ध ठरविला होता. पोर्तुगालने तोच कित्ता गिरविला आणि तीनच अपवाद ठेवले : पित्याचे स्पष्ट लेखी विधान, अपत्य म्हणून दिलेली वागणूक व लोकांतील तशी ख्याती, आणि बलात्कार वा अपहरण. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर २५ डिसेंबर १९१० च्या अपत्यसंरक्षणाच्या हुकूमनाम्याने हे अपवाद वाढविले. फ्रान्सने आपली बंदी १९१२ साली सैल केली. १९६१ च्या मुक्तीनंतरही गोव्यात ही कुटुंबविषयक विधिव्यवस्था चालू राहिली. तिच्यातील वारसाहक्काचा भाग मात्र गोवा विधिमंडळाच्या २०१२ च्या अधिनियमाने नव्याने मांडला गेला. तिचे दोष मान्य करूनही एक गुण नाकारता येत नाही : कोर्टाची पायरी न चढता, एका लेखाने, पिता आपल्या अपत्याला आपले म्हणू शकतो, आणि त्या म्हणण्याला वारसाचे बळ असते.

सिद्ध झाल्यावर काय?

उर्वरित भारतात हिंदू अपत्याची स्थिती पाहू. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाचे कलम १६, १९७६ च्या दुरुस्तीनंतर, शून्य वा शून्यनीय विवाहातून झालेल्या अपत्यांना औरस मानते; म्हणजे पहिली पत्नी हयात असताना केलेल्या दुसऱ्या लग्नाची मुलेही औरस. त्यांचा हक्क फक्त आईबापांच्या मालमत्तेत. कर्नाटकातून आलेल्या एका प्रकरणात १ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हे स्पष्ट केले की पित्याच्या मृत्यूपूर्वी एकत्र कुटुंबाची वाटणी झाली असे कल्पून जो हिस्सा पित्याचा ठरेल, त्यातही या मुलांचा वाटा आहे.

परंतु ज्याच्या आईबापांचे कोणतेच लग्न, अवैधसुद्धा, झाले नाही, त्याला कलम १६ स्पर्श करीत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमाने ‘नातेवाईक’ म्हणजे औरस नात्याने जोडलेला, अशी व्याख्या केली, आणि अनौरस अपत्याला माता व सहोदर यांच्याशीच नाते दिले. फलस्वरूप पितृत्व परीक्षेने शंभर वेळा सिद्ध झाले तरी, मृत्युपत्र नसेल तर, असे अपत्य पित्याचा वारस होत नाही. त्याच्या हाती पोटगीच राहते. मिताक्षरेने शूद्राच्या दासीपुत्राला दिलेला वाटाही याच अधिनियमाने बुडाला. वर्णभेद मिटविण्यासाठी निघालेल्या सुधारणेने एका गटाचा होता तो हक्क काढून घेतला, आणि बरोबरी साधली ती सर्वांना रिक्तहस्त करून.

मातेच्या बाजूने मात्र कायदा पुष्कळ पुढे सरकला आहे. अनौरस अपत्याची नैसर्गिक पालक प्रथम माताच, हे १९५६ च्याच पालकत्व अधिनियमाने मान्य केले. जुलै २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की अविवाहित मातेला पालकत्वासाठी पित्याचे नाव उघड करण्याची सक्ती करता येणार नाही, आणि तिच्या प्रतिज्ञापत्रावर मुलाला जन्मदाखला मिळालाच पाहिजे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत त्यांच्या नावानंतर मातेचे नाव लिहिणे आवश्यक केले.

या साऱ्याचा निष्कर्ष दोन सूचनांत मांडता येईल. पहिली, पित्याने निबंधकासमोर एका लेखाने अपत्याचा स्वीकार करावा आणि त्या लेखाला वारसाचे बळ असावे, अशी गोव्यासारखी तरतूद अन्यत्रही व्हावी. दुसरी, ज्याचे पितृत्व न्यायालयात सिद्ध झाले आहे त्याला पित्याच्या स्वतःच्या मालमत्तेत, कलम १६ खालील अपत्यांप्रमाणेच, वाटा मिळावा. जन्माचा दोष जन्मणाऱ्याचा नसतो, हे तत्त्व आज कोणी नाकारीत नाही. ते नाकारीत नसलेल्या विधिमंडळाने त्या तत्त्वाची किंमत मुलाकडून वसूल करणे थांबवावे, एवढीच ही मागणी आहे.